वेगळ्या चुलींचे भाऊ: स्कँडिनेव्हियाच्या एकीची गोष्ट

डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामध्ये ओरेसुंड नावाची समुद्राची चिंचोळी पट्टी आहे. १८३८ च्या हिवाळ्यात ती गोठली. तेव्हा स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचे आणि डेन्मार्कमधल्या कोपनहेगन विद्यापीठाचे विद्यार्थी बर्फावरून चालत एकमेकांच्या भेटीला गेले. भाषणं झाली, गाणी झाली, गळाभेटी झाल्या. आपण डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे अशा तीन देशांचे नसून एकाच उत्तरेचे आहोत, असं त्या मुलांना मनापासून वाटत होतं.

त्याच्या बरोबर एकशे ऐंशी वर्षं आधी, म्हणजे १६५८ मध्ये, डेन्मार्कच्या बेटांमधला समुद्र असाच गोठला होता. त्या वेळी बर्फावरून स्वीडनचं सैन्य आलं होतं. राजा दहावा कार्ल गुस्ताव घोडदळासकट दोन सामुद्रधुन्या ओलांडून कोपनहेगनच्या दिशेनं सरकला आणि डेन्मार्कला स्कोनेसकट मोठा मुलूख तोडून द्यावा लागला. लुंड हे शहर त्याच स्कोने प्रांतातलं, म्हणजे मुळात डॅनिश. तिथलं विद्यापीठ १६६६ मध्ये काढलं गेलं, त्यामागे जिंकलेल्या प्रांतातल्या तरुण पिढीला स्वीडिश करून घ्यायचं हा हेतू होता. त्याच विद्यापीठातली मुलं पुढे डॅनिश मुलांना ‘बंधू’ म्हणून हाक मारायला निघाली, हे लक्षात घेतलं की त्या भेटीचं मोल कळतं.

शेजारी राहणाऱ्या, जवळपासच्या भाषा बोलणाऱ्या लोकांनी एक व्हावं ही कल्पना जगात अनेक ठिकाणी उगवली. युरोपच्या उत्तरेकडे तिला ‘स्कँडिनेव्हियावाद’ म्हणतात. मला ती सगळ्यांत जास्त शिकवून जाणारी वाटते, कारण तिथे एकीचे जवळजवळ सगळे प्रकार करून पाहिले गेले. एक सिंहासन झालं, एका राष्ट्राचं स्वप्न झालं, एक नाणं झालं, संरक्षणाच्या फळीची बोलणी झाली. त्यातलं बरंचसं मोडलं. तरीही आज स्टॉकहोमचा माणूस पासपोर्ट खिशात न ठेवता ऑस्लोला नोकरीला जाऊ शकतो, तिथे हवा तितका काळ राहू शकतो. मोडलेल्या गोष्टींमधून हे कसं उभं राहिलं, ते समजून घेऊ.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. स्कँडिनेव्हिया म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन. त्यात फिनलंड आणि आइसलंड मिळवले की ‘नॉर्डिक’ देश होतात. डॅनिश, नॉर्वेजियन आणि स्वीडिश या भाषा सख्ख्या बहिणी आहेत. मराठी माणूस गोव्यात कोकणी ऐकतो तेव्हा त्याला बरंच उमगतं, थोडं निसटतं, तसाच अनुभव त्यांना एकमेकांच्या भाषांत येतो. आइसलंडची भाषा त्याच घराण्यातली, पण हजार वर्षांपूर्वीचं वळण बरंचसं टिकवून असलेली. फिनिश मात्र पूर्णपणे वेगळ्या कुळातली. भाषेची ही विषम जवळीक ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

पहिली एकी सिंहासनाची होती. डेन्मार्कची राजकन्या मार्गारेट हिचं लग्न नॉर्वेच्या राजाशी झालं. नवरा गेला, मग मुलगाही गेला, आणि या कर्तबगार बाईच्या हाती दोन राज्यं आली. स्वीडनचे सरदार स्वतःच्या राजावर वैतागले होते, त्यांनीही तिलाच बोलावलं. १३९७ मध्ये स्वीडनमधल्या कालमार शहरात तिच्या बहिणीच्या नातवाला, एरिकला, तिन्ही राज्यांचा राजा म्हणून मुकुट घातला गेला. फिनलंड तेव्हा स्वीडनमध्ये होतं आणि आइसलंड नॉर्वेच्या ताब्यात, त्यामुळे उत्तरेचा सगळाच पट्टा एका छत्राखाली आला. यामागे भावबंधाचा भाग फारसा नव्हता. उत्तर जर्मनीतल्या व्यापारी शहरांचा हान्सा संघ आणि जर्मन राजे यांचा जाच सगळ्यांनाच होता, आणि त्यांच्यापुढे एकट्यानं टिकणं कठीण होतं.

पण गादी एक झाली तरी तीन राज्यांचे कायदे, सरदार, खजिने वेगळेच राहिले. राजा बसायचा डेन्मार्कमध्ये. स्वीडनला वाटायचं, कर आपण भरायचे आणि लढाया त्यांच्या. कुरबुरी वाढत गेल्या आणि नोव्हेंबर १५२० मध्ये राजा दुसरा ख्रिस्तियान यानं स्टॉकहोममध्ये राज्याभिषेकाच्या मेजवानीनंतर स्वीडनच्या सरदारांची, बिशपांची आणि शहरातल्या प्रतिष्ठितांची कत्तल केली. ऐंशीहून अधिक माणसं मारली गेली. तीन वर्षांत गुस्ताव वासा स्वीडनचा राजा झाला आणि कालमारची एकी संपली. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं डेन्मार्क आणि स्वीडन पुन्हा पुन्हा लढत राहिले.

मराठीत ‘बंधुत्व’ आणि ‘भाऊबंदकी’ हे दोन्ही शब्द एकाच नात्यातून आलेत. पहिला सभेत वापरायचा, दुसरा वाटणीच्या वेळी. शेजारी लोकांच्या एकीबद्दल बोलणाऱ्या विचारवंतांनी पहिल्या शब्दावर ग्रंथ लिहिले. दुसऱ्याकडे पाहायला मात्र ते सहसा विसरले.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिन्ही देश घायाळ होते. स्वीडननं १८०९ मध्ये फिनलंड रशियाला गमावलं, म्हणजे राज्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. डेन्मार्कनं नेपोलियनची बाजू घेतली आणि त्याची किंमत म्हणून १८१४ मध्ये नॉर्वे सोडावं लागलं. नॉर्वेला तर कुणी विचारलंच नाही. कीलच्या तहात एका राजाकडून दुसऱ्या राजाकडे ते दिलं गेलं. नॉर्वेच्या लोकांनी घाईघाईनं आइड्सवोल इथे जमून १७ मे १८१४ ला स्वतःची राज्यघटना मंजूर केली. छोटीशी लढाई झाली. शेवटी राजा स्वीडनचा, पण घटना आणि संसद नॉर्वेची, अशी तडजोड झाली. १७ मे हा आजही नॉर्वेचा सगळ्यांत मोठा सण आहे.

एकेकट्यानं आपण छोटे आहोत, दक्षिणेला जर्मन आणि पूर्वेला रशियन वाढत चाललेत, ही भीती आता सुशिक्षितांच्या मनात घर करून होती. त्याच काळात व्हायकिंगांच्या जुन्या गाथा आणि देवकथा नव्यानं वाचल्या जात होत्या, आणि त्या तर तिघांच्याही सामायिक. १८२९ मध्ये लुंडच्या कॅथेड्रलमध्ये पदवीदान समारंभात स्वीडनचा कवी एसायस तेग्नेर यानं डेन्मार्कचा कवी आडाम ओलेनश्लेगर याच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट ठेवला आणि फुटीचा काळ संपला असं जाहीर केलं. नऊ वर्षांनी मुलं बर्फावरून चालत गेली ती याच भावनेनं. मग १८४३ मध्ये उप्सालाला आणि १८४५ मध्ये कोपनहेगनला विद्यार्थ्यांचे मोठे मेळावे भरले. कोपनहेगनला डॅनिश पुढारी ओर्ला लेमन यानं जमलेल्या मुलांकडून एका मोठ्या सामायिक पितृभूमीशी निष्ठेची शपथ घेतली. १८५६ मध्ये तर स्वीडन-नॉर्वेचा राजा पहिला ऑस्कर यानंच विद्यार्थ्यांसमोर सांगितलं की यापुढे या भावांमध्ये युद्ध अशक्य आहे.

आता प्रश्न असा पडतो की इतकी भाषा जवळची, धर्मपंथ एकच म्हणजे ल्युथरन, राजाही अनुकूल, तरुणांचा पाठिंबा, मग घोडं अडलं कुठे? त्याच काळात इटली एक झाली, जर्मनी एक झाली. इटलीत तर एका गावच्या माणसाची बोली दुसऱ्या टोकाच्या माणसाला कळत नव्हती. तरी १८६१ मध्ये इटलीचं राज्य उभं राहिलं.

उत्तर असं, की प्रत्येकाला एकी हवी होती, पण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोरचं चित्र निराळं होतं.

डेन्मार्कच्या राजकारण्यांना सैन्य हवं होतं. डॅनिश राजाच्या अमलाखाली श्लेसविग आणि होल्स्टाइन अशी दोन संस्थानं होती. होल्स्टाइनमधली प्रजा जर्मन आणि ते जर्मन महासंघाचं सदस्यही होतं. श्लेसविगमध्ये उत्तरेला डॅनिश, दक्षिणेला जर्मन. डॅनिश राष्ट्रवाद्यांना आयडर नदीपर्यंतचं, म्हणजे अख्खं श्लेसविग डेन्मार्कमध्ये हवं होतं, आणि ते जर्मनांशी लढल्याशिवाय मिळणार नव्हतं. त्या लढाईत पाठीशी उभा राहणारा भाऊ त्यांना हवा होता. स्वीडनच्या राजघराण्याला गादी दिसत होती. डेन्मार्कचा राजा सातवा फ्रेडरिक निपुत्रिक होता, तेव्हा तिन्ही मुकुट आपल्या घरात येतील हा हिशेब होता. काही स्वीडिश लोकांच्या मनात फिनलंड परत मिळवायची इच्छा होती. आणि नॉर्वे? चारशे वर्षं डेन्मार्कच्या आणि मग स्वीडनच्या सावलीत राहिलेल्या या देशाला ‘एक मोठं घर’ म्हटलं की आपली खोली पुन्हा कुणीतरी काढून घेणार अशी धास्ती वाटायची. ती खोटी म्हणता येणार नाही.

शब्द एकच, ‘एकी’. एकाला त्यात फौज दिसते, दुसऱ्याला मुकुट, तिसऱ्याला धोका. सुखाच्या काळात हा फरक भाषणांखाली झाकला जातो. परीक्षेची वेळ आली की तो उघडा पडतो.

ती वेळ १८६३ मध्ये आली. त्या उन्हाळ्यात स्वीडनचा नवा राजा पंधरावा कार्ल कोपनहेगनजवळ स्कोड्सबोर्ग इथे डेन्मार्कच्या राजाला भेटला आणि श्लेसविगच्या रक्षणासाठी वीस हजारांवर सैन्य पाठवण्याचं वचन देऊन बसला. राजा परत आला तेव्हा त्याच्या मंत्र्यांनी हात वर केले. खजिन्याला परवडणार नाही, ब्रिटन आणि फ्रान्स सोबत नाहीत, आणि जर्मन सत्तांशी लढाई कशाच्या जोरावर करायची? नॉर्वेकडूनही उत्साह नव्हता. वचन हवेत विरलं. डेन्मार्कनं मात्र त्या वचनावर बरीच भिस्त ठेवली होती. श्लेसविगला जोडून घेणारी घटना नोव्हेंबरमध्ये मंजूर झाली, त्याच सुमारास राजा सातवा फ्रेडरिक वारला, आणि १ फेब्रुवारी १८६४ ला प्रशिया आणि ऑस्ट्रियाच्या फौजांनी आयडर ओलांडली. १८ एप्रिलला श्लेसविगमधली ड्युबेलची डॅनिश तटबंदी पडली. त्या शरद ऋतूत झालेल्या तहात डेन्मार्कच्या राजाला श्लेसविग, होल्स्टाइन आणि लाउएनबुर्ग हे तिसरं छोटं संस्थानही गमवावं लागलं. राज्यातल्या दर पाच माणसांमागे जवळपास दोन माणसं एका सहीनं परकी झाली.

काही शे स्वीडिश, नॉर्वेजियन आणि फिनिश तरुण स्वयंसेवक म्हणून आले होते. सरकारं आली नाहीत. शपथा घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण घरी राहिले. या पळपुटेपणानं नॉर्वेचा नाटककार हेन्रिक इब्सेन इतका चिडला की त्यानं आपल्याच देशबांधवांवर जळजळीत कविता लिहिली.

इटली आणि जर्मनीशी तुलना इथे पूर्ण होते. तिथे एकी कवींनी आणि विद्यार्थ्यांनी सुरू केली खरी, पण ती तडीस नेली एका बलवान राज्याच्या सैन्यानं: इटलीत पिएडमाँट, जर्मनीत प्रशिया. त्यांनी शेजाऱ्यांना विचारत बसण्यापेक्षा सामावून घेतलं. उत्तरेत ही भूमिका करू शकणारं राज्य एकच होतं, स्वीडन, आणि ते पुढे झालं नाही. अलीकडे काही इतिहासकार म्हणतात की १८५० ते १८६४ दरम्यान खरोखरच एक स्कँडिनेव्हियन राज्य तयार होऊ शकलं असतं, ते निव्वळ कवींचं दिवास्वप्न नव्हतं. असेलही. पण झालं असतं तर ते तलवारीनं झालं असतं, आणि नॉर्वेनं ते किती दिवस सोसलं असतं हा प्रश्न उरतोच.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. श्लेसविगच्या त्याच शेतांवर दोन एकीच्या कल्पना एकमेकींवर आदळल्या, जर्मनांची आणि स्कँडिनेव्हियनांची. शेजाऱ्यांना एक करणारी प्रत्येक कल्पना कुठेतरी एक रेघ ओढते आणि रेघेपलीकडच्यांना परके ठरवते. रेघेच्या आतही सगळे मोजले जात नाहीत. फिनलंडमधले बहुसंख्य लोक फिनिश बोलणारे, ते ‘बंधूं’च्या भाषणांत कडेला असायचे. सामी लोकांचं तर नावही नसायचं. उत्तर टोकाला नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया या चारही देशांत पसरलेले, रेनडियर पाळणारे हे आदिवासी. खरं पाहता सीमा ओलांडून राहण्याचा हक्क या भागात सगळ्यांत आधी कागदावर त्यांनाच मिळाला होता. डेन्मार्क-नॉर्वे आणि स्वीडन यांनी १७५१ मध्ये सीमा आखली तेव्हा तहाला एक पुरवणी जोडली. सामींना हंगामाप्रमाणे कळप घेऊन सीमा ओलांडता येईल, युद्ध सुरू असलं तरीसुद्धा, असं त्यात लिहून दिलं. कवी आणि विद्यार्थी जन्मायच्या आधीच उत्तरेत एक जिती-जागती, पायांनी चालणारी एकी होती. तिला कुणी एकी म्हटलं नाही.

१८६४ नंतर मोठी भाषणं बंद झाली. मग जे सुरू झालं ते मला जास्त मोलाचं वाटतं. १८७२ मध्ये तिन्ही देशांचे कायदेपंडित कोपनहेगनला जमले आणि व्यापाराचे कायदे सारखे करता येतील का यावर बोलू लागले. १८८० मध्ये हुंडीचा कायदा तिन्ही देशांत एकसारखा झाला. १८७३ मध्ये डेन्मार्क आणि स्वीडननं सोन्यावर आधारलेलं समान चलन घेतलं, क्रोन, म्हणजे मुकुट. दोन वर्षांनी नॉर्वे त्यात आलं. एका देशाचं नाणं दुसऱ्या देशाच्या दुकानात त्याच किमतीला चालू लागलं. पहिल्या महायुद्धानं ही व्यवस्था मोडली, पण नाण्याचं नाव आजही तिन्हीकडे तेच आहे.

आणि मग १९०५. माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग एकत्र येण्याचा नाही, वेगळं होण्याचा आहे.

नॉर्वेचा जहाजधंदा जगभर पसरला होता, पण परदेशांतले वकील, म्हणजे व्यापाराची कामं पाहणारे दूत, स्वीडनच्या परराष्ट्र खात्याच्या हाताखाली. आपले वकील आपण नेमू, ही मागणी राजानं फेटाळली. ७ जून १९०५ ला नॉर्वेच्या संसदेनं, स्टोर्टिंगनं, स्वीडनशी असलेलं नातं संपल्याचं जाहीर केलं. स्वीडननं लोकांचा कौल मागितला. १३ ऑगस्टच्या मतदानात वेगळं होण्याच्या बाजूनं ३,६८,२०८ मतं पडली आणि विरोधात अवघी १८४. बायकांना मताचा अधिकार नव्हता, म्हणून त्यांनी स्वतःहून सह्या गोळा केल्या. अडीच लाखांच्या आसपास सह्या झाल्या.

दोन्ही बाजूंनी सैन्य सीमेवर आणलं होतं. स्वीडनमध्ये नॉर्वेला धडा शिकवा म्हणणारे होते. दुसरीकडे स्वीडनच्या कामगार चळवळीनं भावांवर बंदुका रोखायला विरोध केला. कार्लस्टाड या गावी दोन्हीकडचे प्रतिनिधी बसले. सीमेवरचे काही किल्ले नॉर्वेनं पाडायचे, मधला पट्टा दोघांनी सैन्याविना ठेवायचा, सामींच्या कुरणांचं अमुक, पुढचे वाद लवादाकडे, असं एकेक कलम ठरत गेलं. गोळी सुटली नाही. वाटणी झाली. मग नॉर्वेनं स्वतःसाठी राजा शोधला तो कुठून? डेन्मार्कच्या राजघराण्यातला राजपुत्र कार्ल. लोकांचं मत घेतल्याशिवाय मी येणार नाही, असं त्यानं सांगितलं. पुन्हा मतदान झालं, कौल मिळाला आणि तो सातवा होकॉन म्हणून गादीवर बसला.

आपल्याकडे शहाणी माणसं सांगतात की चुली वेळेवर वेगळ्या झाल्या तर सणाला भाऊ एका पंगतीत बसतात. एकत्र कुटुंबाच्या हट्टापायी रोज धुसफुस चालू ठेवली तर एक दिवस बोलणंही बंद होतं. उत्तरेत तेच झालं. कोण कुणाला गिळणार ही भीती १९०५ नंतर गेली. आता हात पुढे करणाऱ्याच्या हातात मुकुट नाही याची खात्री पटली. सीमेवर दोन्ही देशांच्या लोकांनी शांततेचं स्मारक उभारलं. त्याचं अनावरण ऑगस्ट १९१४ मध्ये झालं, बाकीचा युरोप महायुद्धात उडी घेत होता त्याच महिन्यात. त्या जागेला पुढे मोरोकुलिएन असं नाव पडलं. नॉर्वेजियनमध्ये ‘मोरो’ आणि स्वीडिशमध्ये ‘कुल’, दोन्हींचा अर्थ मजा.

वाद थांबले असं नाही. ओलांड बेटं फिनलंडकडे, पण तिथले लोक स्वीडिश बोलणारे, त्यांना स्वीडन हवं होतं. १९२१ मध्ये राष्ट्रसंघानं बेटं फिनलंडला दिली आणि भाषेची व स्वायत्ततेची हमी घेतली. स्वीडन नाराज झालं, पण मानलं. १९३१ मध्ये नॉर्वेनं पूर्व ग्रीनलंडच्या एका भागावर झेंडा लावला. डेन्मार्क हेगच्या न्यायालयात गेला. १९३३ मध्ये निकाल डेन्मार्कच्या बाजूनं लागला आणि नॉर्वेनं झेंडा उतरवला. बांधाचा दावा कोर्टात लावायचा आणि निकाल पाळायचा, हे साधं वाटतं. पण जगात किती शेजाऱ्यांना ते जमलंय?

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा प्रत्येक जण आपापल्या वाटेनं गेला. फिनलंडवर सोव्हिएत संघानं हल्ला केला. डेन्मार्क आणि नॉर्वेवर ९ एप्रिल १९४० ला जर्मन आले. स्वीडन तटस्थ राहिलं आणि जर्मन सैनिकांना आपल्या रेल्वेनं ये-जा करू दिली, हे नॉर्वेच्या मनाला बराच काळ टोचलं. युद्धानंतर तिघांची संरक्षण फळी उभारायची बोलणी १९४८-४९ मध्ये झाली. स्वीडनला ती कुठल्याही गटाबाहेर हवी होती, नॉर्वेला पश्चिमेचा आधार हवा होता. बोलणी फिसकटली आणि नॉर्वे, डेन्मार्क, आइसलंड नाटोमध्ये गेले. स्वीडन तटस्थ. फिनलंडला तर सोव्हिएत शेजाऱ्याला दुखवणं परवडणारंच नव्हतं.

फौजेचं जमत नाही हे पक्कं झाल्यावर डेन्मार्कचे नेते हान्स हेडटोफ्ट यांनी १९५१ मध्ये वेगळा प्रस्ताव मांडला: खासदारांची परिषद भरवू, जी फक्त शिफारस करेल. त्यातून १९५२ मध्ये नॉर्डिक परिषद स्थापन झाली. सोव्हिएत संघाचा संशय निवळल्यावर १९५५ मध्ये फिनलंड आलं, या अटीवर की संरक्षणाचा विषय इथे निघणार नाही.

तिचं काम कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. या परिषदेला कुठल्याही देशावर कायदा लादता येत नाही. पाचही संसदांचे खासदार एकत्र बसतात, एखादी अडचण मांडतात, उपाय सुचवतात. मग प्रत्येक देश आपापल्या संसदेत, आपल्या भाषेत, जवळपास सारखाच कायदा करतो. समजा, एका स्वीडिश परिचारिकेला नॉर्वेत काम करायचं आहे. तिला परवाना लागतो का? आजारी पडली तर उपचार कुठे, पैसे कोण देणार? म्हातारपणी पेन्शन कुणाकडून? हे प्रश्न एकेक करून सोडवत गेले. १९५२ मध्ये नागरिकांसाठी पासपोर्टची अट गेली. १९५४ मध्ये कामाची बाजारपेठ एक झाली: परवान्याशिवाय शेजारच्या देशात नोकरी. पुढच्या वर्षी सामाजिक सुरक्षेचा करार झाला, मग आपसातल्या सीमांवरची पासपोर्ट तपासणीच बंद झाली. ‘शेंगेन’, म्हणजे आपसातली सीमा-तपासणी काढून टाकणारा युरोपीय देशांचा करार, हा शब्द युरोपला माहीत व्हायच्या तीस वर्षं आधीची ही गोष्ट आहे.

फिनलंडमधल्या गरीब खेड्यांतून हजारो लोक स्वीडनच्या कारखान्यांत कामाला गेले ते याच वाटेनं. त्यांची भाषा वेगळी होती, मुलांना शाळेत त्रास झाला, टोमणे ऐकावे लागले. भाषाबंधुत्वाच्या जुन्या कल्पनेत ही माणसं बसतच नव्हती. नव्या व्यवस्थेत बसली, कारण इथे अट एकच होती: नागरिक असणं. भाषेवर आणि रक्तावर उभी केलेली एकी आणि हक्कांवर उभी केलेली एकी यांतला फरक याहून स्पष्ट कुठे दिसत असेल असं मला वाटत नाही.

मोठं काही करायला गेलं की मात्र अजूनही गाडी अडायची. १९६८ मध्ये डेन्मार्कनं ‘नॉर्डेक’ नावाची आर्थिक संघाची योजना मांडली, करार लिहून तयार झाला आणि १९७० मध्ये फिनलंडनं माघार घेतली. मग डेन्मार्क १९७३ मध्ये युरोपीय समुदायात गेलं, स्वीडन आणि फिनलंड १९९५ मध्ये युरोपीय संघात. नॉर्वेच्या लोकांनी १९७२ आणि १९९४ अशा दोन वेळा जनमतात ‘नाही’ म्हटलं. आइसलंडही बाहेरच. वाटा इतक्या वेगळ्या होऊनही माणसांची ये-जा चालू राहिली. २००० मध्ये ओरेसुंडवर पूल झाला, आणि स्वीडनमधल्या माल्मोमध्ये राहून कोपनहेगनला रोज नोकरीला जाणं मुंबईतल्या लोकलच्या प्रवासाइतकं सवयीचं झालं.

ती सवय किती नाजूक आहे हेही दिसलं. निर्वासितांची संख्या वाढल्यावर जानेवारी २०१६ पासून डेन्मार्कहून स्वीडनला येणाऱ्या गाड्यांत ओळखपत्रं तपासायला सुरुवात झाली, साठ वर्षांत पहिल्यांदाच. कोविडच्या काळात २०२० मध्ये फिनलंडचं टोर्निओ आणि स्वीडनचं हापारांडा या जोडशहरांच्या मधोमध कुंपण उभं राहिलं. जिथे लोक एका देशात राहून दुसऱ्या देशात दूध आणायला जायचे, तिथे आजी-नातवंडं कुंपणाच्या दोन बाजूंना.

आणि जी फळी १९४९ मध्ये फिसकटली होती ती शेवटी जुळली, पण बाहेरून आलेल्या धक्क्यानं. रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आणि स्वीडन मार्च २०२४ मध्ये नाटोत गेलं. कालमारनंतर उत्तरेचे हे सगळे लोक पहिल्यांदाच संरक्षणासाठी एका बाजूला उभे आहेत. भीतीनं जुळलेली एकी तेव्हाही होती आणि आताही आहे. फरक असा, की या वेळी प्रत्येक संसदेनं स्वतः मत दिलं.

घरातल्या धाकट्यांचे प्रश्न मात्र उभेच आहेत. फेरो बेटं आणि ग्रीनलंड डेन्मार्कच्या छत्राखाली आहेत, पण परिषदेत त्यांना पाच देशांच्या बरोबरीची खुर्ची हवी आहे. फिनिश आणि आइसलँडिक या भाषांना परिषदेत अधिकृत दर्जा मिळाला तो २०२० मध्ये, स्थापनेनंतर अडुसष्ट वर्षांनी. सामींच्या संसदा परिषदेला येतात त्या निरीक्षक म्हणून. १७५१ ची ती पुरवणी कुणी रद्द केलेली नाही. पण कुरणांबद्दलचा नॉर्वे-स्वीडन करार २००५ मध्ये संपला आणि त्याच्या जागी दोघांनाही मान्य होईल असा नवा करार अजून झालेला नाही. कळप दर वसंतात सीमेकडे निघतात, आणि पलीकडचं गवत कुणाचं, हे त्यांच्या मालकांना दर वर्षी नव्यानं विचारावं लागतं.